बाईंची दुसरी खूण

पोस्टकार्डावर वर 'श्री' नव्हतं, तेव्हाच कुणीतरी गेलं ते समजलं. चांदूर रेल्वेच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी होती. पोस्टमननं कार्ड हातात दिलं आणि एरवीसारखा दोन शब्द न बोलता निघून गेला. म्हणजे त्यानंही ते वाचलं होतं. पाठकबाई गेल्या. अमरावतीला, राजापेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. चष्मा डोळ्यांवरच होता, असं घरमालकीणबाईंनी लिहिलं होतं. असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचं असतं, घरात ठेवत नाहीत. मी ते फाडलं नाही... दीड महिना झाला, अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं. वडील गावी शेती बघायचे आणि मी शिकायला राजापेठेत काकांकडे राहायचे. काका वकील. बाई आम्हांला इंग्रजी शिकवायला पुण्याकडून आलेल्या. आमचं 'काहून' आणि 'मले' ऐकून पहिलं वर्षभर त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. पुढे त्याच कुणाला लाडानं विचारायच्या, "काहून गं, झोप झाली नाही?" त्यांच्या पुणेरी तोंडी ते 'काहून' इतकं विचित्र लागायचं, की आम्ही मुली वहीत तोंड खुपसून हसत असू.

इंग्रजीतलं 'टू अमुक टू तमुक' हे वाक्य त्यांनी आम्हांला शिकवलं ते मला आजही फळ्यासकट दिसतं. 'ही इज टू वीक टू वॉक.' तो इतका अशक्त आहे, की त्याला चालवत नाही. बाई म्हणाल्या, "बघा, या वाक्यात 'नॉट' कुठेच नाही. तरीही माणूस जागचा हलत नाही. कुणालाही 'नाही' न म्हणता जे व्हायचं राहून जातं, ते या वाक्यात बसतं. आता असं तुमच्या घरात काय काय आहे ते शनिवारपर्यंत शोधून आणा. पाच वाक्यं. पुस्तकातली पेटी नको आणि घोडा नको." गाइडात 'पेटी इतकी जड आहे की उचलवत नाही' हे वाक्य होतं आणि ते चाळीस वह्यांत हमखास सापडायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

वह्या तपासायची त्यांची एक रीत होती. प्रत्येक वाक्यापुढे लाल पेन्सिलीच्या दोन खुणा. पहिली वाक्य बरोबर असल्याची, दुसरी ते खरं असल्याची. दुसरी देण्याआधी मुलीला टेबलाशी बोलावून हळूच विचारायच्या, "हे खरं आहे का?" मी लिहिलं होतं, माझे काका इतके लठ्ठ आहेत की त्यांना सायकलवर बसता येत नाही. "खरं का?" मी म्हटलं, "बसतात जी, पन सायकल कुरकुरते." पहिली खूण मिळाली, दुसरी गेली. आम्हांला त्या दुसऱ्या खुणेचंच वेड लागलं. परीक्षेत तिला एकही मार्क नव्हता, तरी.

माझ्याच बाकावर इंदू बसायची. तिचे वडील आबासाहेब गावाकडचे मोठे जमीनदार. मुलींच्या शिक्षणासाठी म्हणून अमरावतीत घर केलेलं, पण मॅट्रिकच्या पुढे नाही, हे त्यांनी घरात ठरवून टाकलेलं. इंदू वर्गात पहिली. त्या शनिवारी तिनं लिहिलं, 'माय मदर इज टू अफ्रेड टू टेल माय फादर दॅट आय वाँट टू गो टू कॉलेज.' आई इतकी घाबरते, की मला कॉलेजात जायचंय हे तिला वडिलांना सांगवत नाही. बाईंनी वही वाचली. मग उठून ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाल्या, "याहून चांगलं वाक्य मलाही सुचणार नाही." इंदू खाली मान घालून बसली होती. बाकाखाली तिनं माझा हात घट्ट धरला होता.

आमच्याकडे संध्याकाळी दिवेलागणीनंतर काका मला शाळेत झालेलं इंग्रजी मोठ्यानं वाचायला लावत. त्यांना स्वतःच्या इंग्रजीचा फार अभिमान होता. ते वाक्य मी वाचलं, तसे ते पान लावता लावता थांबले. "फसकलास हाये. पन हे बाईचं नोहे. कोन्या पोरीचं हाये?" मी लगेच सांगितलं, "आपल्या इंदूचं. बाईनं तिचंच फळ्यावर लिवलं." काका हसले, वा म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आबासाहेब त्यांचे पक्षकार होते, रविवारी सकाळी कागदपत्रं घेऊन आले आणि काकांनी कौतुकानं, तुमच्या इंदूचं म्हणून, ते वाक्य त्यांना मराठीत करून ऐकवलं.

सोमवारी आबासाहेब शाळेत आले. आवाज चढवला नाही. बाईंना कचेरीत बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुमी इंग्रजी शिकवा. आमच्या घरची चूल फळ्यावर कायले मांडता?" मॅट्रिकला चार महिने उरले होते. इंदूचं नाव शाळेतून काढलं गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या घरात तिचं लग्न झालं. बाईंनी त्यानंतर कुणाचंही वाक्य फळ्यावर लिहिलं नाही. दुसरी खूणही बंद झाली. पुढच्या वर्षीच्या मुली पेटी आणि घोडा लिहू लागल्या, आणि बाई मुकाट्यानं तपासू लागल्या.

बाईंनी मला मॅट्रिक केलं, बी.ए.ला घालायला काकांना राजी केलं, शाळेतल्या नोकरीसाठी अर्जसुद्धा त्यांनीच लिहून दिला. 'इंदूची मैत्रीण' म्हणून माझ्यावर त्यांचा जीव होता. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या बडनेऱ्याला जाऊन पॅसेंजर धरत आणि अकोल्याला इंदूकडे जात. तिची सासू त्यांना 'इंग्रजीवाल्या बाई' म्हणे. इंदूनं पाच वाक्यं लिहून ठेवलेली असत आणि तेवढ्या एका वहीत बाई अजून दोन खुणा करत. परत आल्या की मला सांगत, "चार बरोबर, पाचही खरी." एकदा खोलीत मला नेहमीच्या खुर्चीत बसवून चहा ओतता ओतता म्हणाल्या, "वर्गातली कुणीतरी पोर घरी बोलली असेल. पण तिचा काय दोष गं? फळ्यावर लिहिलं मी." मी कपातली साखर ढवळत राहिले. आज सांगू, उद्या सांगू करत बारा वर्षं गेली. मला भीती वाटत होती, ती त्यांच्या रागाची नव्हती. त्यांच्या खोलीतली माझी ती खुर्ची जाईल, याची होती. दुसऱ्याच्या शिक्षेवर मी आरामात बसले होते, हे आता लिहायला काही धाडस लागत नाही. वाचायला बाई नाहीत.

इंदूला कुणी कळवलं नसणार, म्हणून तेरावा झाल्यावर मी अकोल्याला गेले. इतक्या वर्षांत तिच्याकडे मी दोनदाच गेले होते, तेही घाईघाईनं. तिनं मला बघितलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई गेल्या का?" आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. तिला रडू येईना, आणि मला आवरेना. मग मी ते सांगून टाकलं, काकांना तिचं नाव मी सांगितलं ते... ती म्हणाली, "मले माईत हाये. आबासायबानं तवाच सांगतलं होतं, वकीलसायबाच्या घरून समजलं म्हून."

"मंग बाईले काहून नाई सांगतलं?"

तिनं सुपातल्या गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "सांगतलं असतं, तं बाई दर साली आल्या असत्या का?" म्हणाली. "मले शाळेतलं तेवढंच उरलं होतं. पन मे मईन्यात आल्या तं जिना चढता चढता चारदा बसल्या. वर येऊन पुन्ना तेच, माझ्यानं तुजं नुकसान झालं. मले नाई पाहवलं. मंग लिवून ठेवलं, दिवाळीत दाखवनार होती." आणि तिनं फडताळातून वही काढून दिली.

दिवाळीसाठी पाच वाक्यं लिहून तयार होती. पहिली चार घरातली होती, सासूच्या गुडघ्यांची, मुलीच्या हट्टाची, अशी. पाचवं होतं, 'माय फ्रेंड वॉज टू प्राउड ऑफ मी टू कीप क्वाएट.' माझ्या मैत्रिणीला माझा इतका अभिमान होता, की तिला गप्प राहवलं नाही. बाईंना कळावं म्हणून लिहिलेलं, आणि मला दोष लागू नये अशा बेतानं.

"आता तूच तपास," इंदू म्हणाली. माझ्या पर्समध्ये लाल पेन्सिल होती, त्या कार्डाशेजारीच. पहिल्या चार वाक्यांपुढे मी एकेक विचारून दोन दोन खुणा केल्या. पाचव्यापुढे पहिली केली आणि हात थांबला. त्या संध्याकाळी काका पान लावता लावता थांबले, तेव्हा मला खरंच इंदूचा अभिमान वाटला होता, की वाक्य कुणाचं हे आपल्याला ठाऊक आहे एवढंच मिरवायचं होतं? मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्या उंबऱ्यावर बसून आठवेना आणि आजही आठवत नाही. "हे खरं आहे का?" असं टेबलाशी बोलावून हळूच विचारणारं माणूस राहिलं नव्हतं.

इंदूनं वहीत डोकावून पाहिलं. "पाचवं चुकलं का वं?"

"नाई," मी म्हटलं, "बरोबर हाये." आणि वही मिटून तिच्या हातात दिली.