नदीपलीकडची बहीण

मी नेदरलँड्समध्ये आले ती जानेवारीत, आणि मार्चमध्ये कोरोनानं सगळं बंद झालं. मधल्या दोन महिन्यांत मी सायकल घेतली, दोनदा पडले, सुपरमार्केटमधली कोथिंबीर कुठे असते ते शोधून काढलं, एवढंच. ओळखी व्हायच्या राहून गेल्या. नवरा आइंडहोवनला चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. ते काम घरून होण्यातलं नव्हतं, त्यामुळे तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी दमून परत यायचा. आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावातल्या त्या विटांच्या घरात दिवसभर मी एकटी. पुण्याला आईला फोन करायचे, तर ती म्हणायची, "तू तरी सुरक्षित आहेस."

पुण्यात मी रशियनची भाषांतरं करायचे. औषध कंपन्यांचे कागद, मशीनची माहितीपत्रकं, असलं रुक्ष काम. कॉलेजात असताना हौस म्हणून शिकलेली भाषा पुढे पोटापाण्याची झाली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इकडे येताना सुटली. इथे डच पाहिजे, नाहीतर इंग्रजी. रशियन कुणाला हवी?

एप्रिलमध्ये एका दुपारी मागच्या बागेत कपडे वाळत घालत होते. मधल्या हिरव्या कुंपणापलीकडून एक बाई फोनवर जोरात बोलत होत्या. रशियनमध्ये. "गोळ्या वेळेवर घे, आणि त्या डॉक्टरच्या नादी लागू नकोस," असं काहीसं. फोन संपल्यावर मी न राहवून रशियनमध्ये म्हटलं, "नमस्कार. सगळं ठीक आहे ना?"

त्या दचकल्या. साठीच्या असाव्यात. आखूड पांढरे केस, अंगावर ॲप्रन. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू कुठली?"

"भारतातली. पुण्याची."

"आणि ही भाषा?"

"शिकले."

"हौसेनं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाल्या, "आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

त्या मोल्दोव्हाच्या होत्या. शेजारच्या घरात एक म्हातारे डच गृहस्थ राहायचे. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती. त्यांना सांभाळायला या बाई तिथेच वरच्या खोलीत राहत होत्या. आजोबांची मुलगी ग्रोनिंगनहून एक आड एक शनिवार-रविवार यायची, तेवढीच त्यांना सुट्टी. डच त्यांना कामापुरतं यायचं, इंग्रजी अजिबात नाही. म्हणजे आमच्या दोघींची समाईक भाषा एकच, आणि तीही दोघींची नव्हे.

त्यानंतर रोज दुपारी, आजोबा झोपले की, त्या कुंपणाशी यायच्या. मधे दीड मीटर अंतर. मी चहाचा कप घेऊन उभी राहायचे. त्या मला "मुली" म्हणायच्या. मी त्यांना त्यांच्या पद्धतीनं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायचे. मनात मात्र मावशीच म्हणत असे.

मला मोल्दोव्हा नकाशावर दाखवता आला नसता, हे मी सांगून टाकलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "आजोबांनाही येत नाही. रोज रोमानिया म्हणतात," त्या म्हणाल्या. मग कुंपणाच्या फांदीवर बोटानं खुणा करत त्यांनी मला देश सांगितला. एका बाजूला रोमानिया, उरलेल्या तिन्ही बाजूंना युक्रेन. डोंगर म्हणावेत असे नाहीत, नुसत्या टेकड्या, त्यांवर द्राक्षं आणि अक्रोड. समुद्र नाही. दक्षिणेच्या टोकाला डॅन्यूब नदीचा एवढासा काठ मिळालाय, आपल्या या गल्लीएवढा, आणि त्यावर सरकारनं बंदर बांधलंय. हे सांगताना त्यांना हसू आलं. माती मात्र काळीभोर. इथली माती म्हणजे वाळू, असं त्या बागेकडे बघून नेहमी म्हणायच्या.

गावाकडे त्या पंचायतीत होत्या. आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखं काहीसं काम. "आमच्या गावापुरतं सरकार म्हणजे मी," त्या म्हणाल्या. "एक टेबल, एक शेगडी, एक शिक्का." त्यांच्या शाळेच्या दिवसांत त्यांचीच मायबोली, म्हणजे रोमानियनच, रशियन अक्षरांत लिहावी लागे. पुढे सोव्हिएत युनियन मोडायच्या बेतात आलं तेव्हा लिपी बदलून रोमन झाली आणि त्या तिशीत पुन्हा बाराखडी शिकल्या. त्यानंतर गाव रिकामं व्हायला लागलं. महायुद्धाआधी तो भाग रोमानियात होता. कुणाचे आजी-आजोबा त्या काळात तिथे जन्मले होते असं दाखवता आलं की नातवंडांना रोमानियाचा पासपोर्ट मिळायचा, आणि तो मिळाला की सगळा युरोप मोकळा. त्या जन्मांचे दाखले काढून द्यायच्या याच बाई. बायका इटलीला गेल्या, पुरुष बांधकामावर गेले, शाळेत एका वर्गात चारपाच पोरं उरली. नवरा वारल्यावर आणि मुलगी इटलीत स्थायिक झाल्यावर शेवटी त्यांनी स्वतःसाठीही असा दाखला काढला.

फोनवरची ती गोळ्या न घेणारी त्यांची धाकटी बहीण होती. ती नीस्त्रू नदीच्या पलीकडच्या काठाला राहायची. तिचं लग्न झालं तेव्हा ती नुसती नदी होती. पुलावरून चालत गेलं की बहिणीच्या दारात. मग देश वेगळा झाला, नदीकाठी लढाई झाली, आणि पलीकडची ती चिंचोळी पट्टी, ट्रान्सनिस्ट्रिया, स्वतःला निराळा देश म्हणवायला लागली. त्यांचा झेंडा वेगळा, पोलीस वेगळे, नाणी तर प्लॅस्टिकची. जगातला कुठलाच देश त्यांना देश मानत नाही. पण पुलावर चौकी आहे आणि चौकीवर बंदूकवाला पोरगा आहे, तेव्हा मानण्या न मानण्यानं बहिणीला भेटायला जाणाऱ्या बाईला काही फरक पडत नाही. साथ आली आणि पलीकडच्यांनी तो पूलही बंद केला.

बहीण ऑगस्टमध्ये आजारी पडली. मावशी कुंपणाशी यायच्या, पण लक्ष फोनकडे. दवाखान्यातली नर्स एकदा सांगायची बरी आहे, एकदा सांगायची ऑक्सिजनवर आहे. मग दोन आठवडे त्या आल्याच नाहीत. मी कपडे वाळत घालायला जायचे, उगाच रेंगाळायचे. वरच्या खिडकीचा पडदा बंद असायचा. दार वाजवावं का, हे मला ठरवता येईना. आपल्याकडे असतं तर सरळ आत गेले असते. शेवटी मूगडाळीची खिचडी करून त्यांच्या पायरीवर ठेवली आणि लांब उभी राहिले. त्या बाहेर आल्या, डबा उचलला.

"गेली," त्या म्हणाल्या. "दहा दिवस झाले."

मी काहीतरी बोलले. माझ्या रशियनमध्ये यंत्रांचे भाग होते, औषधांचे परिणाम होते. अशा वेळी बोलायचे शब्द मी कधी वापरलेच नव्हते, ते पुस्तकी निघाले. त्यांनी ते ऐकून घेतले.

पुढे काही दिवसांनी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पलीकडच्या काठाला माणूस मेलं की त्यांचं सरकार दाखला देतं. पण अलीकडच्या कचेरीत तो दाखला चालत नाही. इकडच्या नियमानं पुन्हा सगळं सिद्ध करून नवा काढावा लागतो, तोवर माणूस जिवंतच. "किती जणांना मी असं परत पाठवलं," त्या म्हणाल्या. "नियम होता. आता माझी बहीण माझ्याच टेबलावर जिवंत आहे." हे त्या रडत सांगत नव्हत्या. पानं झाडता झाडता सांगत होत्या.

नोव्हेंबरमध्ये तिकडे राष्ट्राध्यक्षांची निवडणूक होती. पहिल्या फेरीत त्या गेल्या नव्हत्या. दुसऱ्या फेरीच्या आदल्या आठवड्यात कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "रविवारी मला हेगला, आमच्या वकिलातीत, मत द्यायला जायचंय. आजोबांची मुलगी येणार आहे. पण मला इथल्या गाड्या कळत नाहीत. येशील?"

नवरा म्हणाला, "आत्ता? इतक्या लांब? गरज असेल तरच प्रवास करा म्हणतायत."

"त्यांना गरज आहे," मी म्हटलं. खरं तर मलाही होती. आठ महिन्यांत मी आइंडहोवनच्या पलीकडे गेले नव्हते.

बसनं स्टेशन, तिथून हेगची गाडी. डब्यात आम्ही दोघी आणि लांब एक विद्यार्थी. मास्क लावून, समोरासमोर न बसता तिरक्या बसलो. मावशींनी गडद कोट घातला होता आणि ओठांना लिपस्टिक लावली होती, मास्कखाली. रॉटरडॅमच्या आधी गाडी एका फार मोठ्या पाण्यावरून जाते. पूल संपता संपत नाही. त्या खिडकीशी वळून बघत राहिल्या.

"आमची नदी याच्या निम्मीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

हेगला मतदानाच्या ठिकाणी वळायच्या आधीच रांग दिसली. शांत, श्रीमंत वस्तीतला रस्ता, आणि त्या फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्याच्या पुढेही माणसं. काचघरांत टोमॅटो खुडणाऱ्या बायका, ट्रक चालवणारे, रंगाचे डाग पडलेल्या बुटांतले पुरुष, कडेवर मूल घेतलेली एक जोडी. सगळे अंतर ठेवून उभे होते, त्यामुळे रांग अजूनच लांब झाली होती. समोरच्या घरातले एक डच गृहस्थ पडदा सारून बघत होते. थंडी कडक होती आणि मधेच भुरभुर पाऊस यायचा. कुणी रांग सोडून गेलं नाही.

मावशी आपल्या भाषेत बोलायला लागल्या. मी त्यांना ती भाषा बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. आवाज वेगळा झाला, हात हलायला लागले. पुढच्या बाईशी, मागच्या पोराशी, तू कुठल्या गावची, तुझी आई कुठे असते. कुणीतरी बिस्किटांचा पुडा पुढे केला. मला एक अक्षर कळत नव्हतं. एका तरुण बाईनं माझ्याकडे बघून मावशींना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं आणि ती हसली.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, ही आपल्यातली का? मी म्हटलं, नाही, पण माझी आहे."

मला बरं वाटलं, आणि लगेचच फार एकटं वाटलं. माझं नाव पुण्याच्या मतदार यादीत होतं आणि माझं मत द्यायला मला पुण्यालाच जावं लागलं असतं. इथे रस्त्यावर एक अख्खा देश उभा होता, छोटा का होईना. त्यांना एकमेकांची गावं ठाऊक होती. मी मागे सरकून एका झाडाखाली उभी राहिले, जागा अडायला नको म्हणून.

मावशी आत गेल्या तेव्हा दुपार कलली होती. बाहेर आल्या त्या डोळे पुसत. मी घाबरून पुढे गेले.

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "त्या टेबलावरच्या मुलीनं माझ्या गावाचं नाव वाचलं. मोठ्यानं. बरोबर वाचलं." मग रुमाल पर्समध्ये ठेवून म्हणाल्या, "माझी बहीण असती तर त्या दुसऱ्याला, रशियाच्या बाजूच्याला, मत दिलं असतं तिनं. भांडलो असतो."

त्या ज्या बाईंना मत द्यायला गेल्या होत्या त्या निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी मी अभिनंदन केलं, तर मावशींनी नुसते खांदे उडवले आणि आजोबांच्या चादरी दोरीवर टाकत राहिल्या.

जानेवारीत आजोबा झोपेतच गेले. मुलीनं घर विकायला काढलं. ती भली बाई होती, मावशींना हवं तितके दिवस राहा म्हणाली, पण माणूस नसलेल्या घरात त्या काय करणार होत्या. त्यांची स्वतःची मुलगी इटलीला बोलावत होती. त्या म्हणाल्या, आधी गाव.

तिकडे जाणारी मिनीबस आइंडहोवनमधल्या एका सुपरमार्केटच्या आवारातून सुटायची. माणसांपेक्षा खोकी जास्त, लोकांनी घरी पाठवलेली. नवऱ्यानं बॅगा चढवल्या. मावशींनी मला मिठी मारली. तेव्हा कुणी कुणाला हात लावत नव्हतं, आणि नवऱ्याखेरीज वर्षभरात मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. मी त्यांच्या कोटात तोंड घालून रडले. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबून राहिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रात्रीची संचारबंदी लागली होती. पुण्यात दुसरी लाट आली आणि आईच्या सोसायटीतल्या बातम्या रोज यायला लागल्या. मी ऑनलाइन डच शिकायला बसले. स्क्रीनवर बारा चौकोन, त्यातले निम्मे काळे.

मे महिन्यात मावशींचा फोन आला. त्यांच्याकडे ईस्टरनंतर आठवड्याभरानं लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात, तिथेच जेवतात. तेवढ्यापुरतं पुलावरून लोकांना सोडत होते, म्हणून त्या बहिणीच्या कबरीवर गेल्या होत्या. चौकीवर तासभर प्रश्न विचारले. कुणाकडे चाललात, किती वेळ, पिशवीत काय आहे. पिशवीत रंगवलेली अंडी, गोड पाव आणि घरची वाईन होती. बहिणीची मुलं रशियात, ती येऊ शकली नव्हती. आजूबाजूच्या कबरींवर कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती, आणि मावशींनी एकटीनंच रुमाल अंथरून दोघींचं ताट मांडलं.

"तिला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मत कुणाला दिलं तेसुद्धा."

"आणि?"

"आणि काय. ऐकून घेतलं तिनं. पहिल्यांदाच."

मी हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, तुझी आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे, अजून तरी. त्यांच्याकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तो ऐकत राहिले आणि त्यांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.