आधी मागच्यांना थांबवा

रूथ, नोएल, हे मी तुम्हाला आत्ताच का लिहिते आहे ते आधी सांगते. गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा मेलबर्नहून फोन आला. रूथला तिकडच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला जायचे आहे, नाव नोंदवायचे तेवढे राहिले आहे. ती म्हणाली, ‘‘आई, तुमच्या नातीला तुम्हीच नको म्हणा. माझं ती ऐकत नाही.’’ मी तिला म्हणाले, मुलांना पत्र लिहिते. एवढ्या गोष्टीचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते. इंग्रजीत लिहिणे मला सोपे गेले असते, शाळेत मी आयुष्यभर तेच शिकवले. पण तुमच्या बाबासाठी मी रडले ती मराठीत, आणि देवाशी भांडले तीही मराठीतच. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या. यातले बरेचसे तिला ठाऊक आहे. तुम्ही लहान होता म्हणून आम्ही दोघींनी थांबायचे ठरवले होते.

बाबाला गाडीचे वेड माझ्याकडून आले, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल. माझे वडील कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत नोकरीला होते आणि कुंभार्ली घाटात त्यांनी मला जीप शिकवली. त्या काळात बाईमाणूस गाडी चालवताना दिसले की ट्रकवाले खिडकीतून माना बाहेर काढत. वडील शांत बसून एवढेच सांगायचे, की ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि नजर दरीकडे न्यायची नाही, जिथे जायचे आहे तिथे ठेवायची, कारण नजर जाईल तिकडे गाडी जाते. हेच मी तुमच्या बाबाला, सुहासला शिकवले. तुमच्या आजोबांना गाडीत बसले की झोप लागायची, त्यामुळे घरात शिकवणारी मीच.

सांगलीत नोकरी लागल्यावर सुहासला कडेगावजवळच्या माळावरचे गाड्यांच्या शर्यतीचे मैदान सापडले. मोठा ट्रॅक नव्हे, मातीचाच. वळणावळणाला जुन्या टायरांचे ढीग, कडेला झेंडे घेऊन उभी असलेली पोरे, आणि धुरळा इतका की घरी आल्यावर कानातून माती निघायची. शर्यती रविवारी असत. आमच्या घरी नियम होता, आधी उपासना, मग बाकीचे सगळे. त्यावरून आमचे खटके उडाले, पण शेवटी त्याने मान्य केले. चर्चमधून तो थेट मैदानावर जायचा, अंगात उपासनेचा पांढरा सदरा. सरावाची फेरी त्याची नेहमी हुकायची. मी सोबत जायची, म्हणून सांगते, तो दिसला की आरडाओरडा व्हायचा, ‘‘पाद्री आला रं, आता सोडा गाड्या.’’ त्याचा जिवलग मित्र शीतल. तो जैन शेतकऱ्याच्या घरातला, द्राक्षबागा असलेला, आणि सूर्य मावळायच्या आत जेवणारा. सुहास त्याला म्हणायचा, ‘‘तू बक्षीस समारंभाला कधी थांबणार गड्या? तुझी भाकरी पळते.’’ त्यावर शीतल म्हणायचा, ‘‘आन् तुझा देव सकाळी सोडत न्हाई. आपल्या दोघास्नी मिळून येक शर्यत नीट गावंल तर शपथ.’’

प्रत्येक शर्यतीआधी मी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना करायची. त्यात मला कसलाही संकोच वाटला नाही. सुहास हेल्मेट काखेत धरून, डोळे मिटून शेजारी उभा राहायचा, आणि आमेन झाल्यावरच गाडीत बसायचा. इतक्या वर्षांत त्या मैदानावर त्याला साधे खरचटलेसुद्धा नाही.

तो गेला ते तुम्हाला माहीत आहे. कसा गेला ते पुरते माहीत नाही. साखर कारखान्यांचा हंगाम होता. कामासाठी तो कडेगावला गेला होता आणि तिन्हीसांजेला सांगलीकडे परतत होता. समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, लाल पट्टी नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आणि पुढे मातीच्या रंगाचा ऊस. त्याची गाडी मागून ट्रॉलीवर आदळली. वेग फार नव्हता असे पोलिसांनीच सांगितले. इतक्या वेगाने तर म्हातारी माणसेही जातात.

ज्या दिवशी धोका दिसत होता त्या प्रत्येक दिवशी मी देवाला राखण मागितली होती आणि त्याने दिली होती. त्या संध्याकाळी तो नुसता कामावरून घरी येत होता. कामावरून घरी येणाऱ्यासाठी कोणी बॉनेटवर हात ठेवते का? मग देव फक्त जिथे मागितले तिथेच राखतो का, आणि न मागितलेल्या रस्त्यावर माणसाला सोडून देतो का? हा प्रश्न घेऊन मी उठायची आणि हाच घेऊन झोपायची. त्याहून मोठा एक काटा होता, तो मी कोणाला सांगत नसे. माझा मुलगा रस्त्यावर, उसाच्या ढिगाखाली, परक्या माणसांत एकटा गेला, एवढेच मला दिसायचे. आणि त्या ट्रॅक्टरवाल्याचा मी द्वेष करायची. त्याचे तोंड मी कधी पाहिले नव्हते, तरी ते मला रोज दिसायचे.

चर्चला जाणे सोडले नाही. शिस्त अंगात मुरलेली, सवयीने पाय तिकडे वळायचे. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की माझे ओठ बंद व्हायचे. सगळी मंडळी पुढे जायची, मी दोन ओळी मागे राहून पुन्हा त्यांना गाठायची. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आले असावे, पण त्यांनी कधी विचारले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गाडीला तर मी हातच लावला नाही. तुम्ही तिघे मावशीकडे मेलबर्नला निघालात तेव्हा विमानतळावर मी भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून आले, हे नोएलला आठवत असेल.

त्यानंतरच्या हंगामात शीतल घरी आला. पोरांनी सुहासच्या नावाने शर्यत ठेवली होती, पहिला झेंडा मी दाखवावा अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हणाले. तो चहा पिऊन उठला आणि दारात म्हणाला, ‘‘आवं काकू, तुमी न्हाई आला तर आमी करनारच हाय. पर पाद्रीच्या नावाची शर्यत आनि चर्चचं मानूस कोनच न्हाई, हे बरं दिसंल का?’’ रविवारी उपासना संपल्यावर तो गाडी घेऊन बाहेरच उभा होता. मी बसले. का बसले ते सांगता येत नाही.

मैदानावर फाटकाशी सुहासचा फोटो लावला होता, त्याच पांढऱ्या सदऱ्यातला. सगळी तयारी झाली होती, पण शर्यत सुरू होईना. मैदानावर रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय एकही गाडी सोडायची नाही, हा या खेळातला पक्का दंडक. ठरलेली रुग्णवाहिका कळा सुरू झालेल्या एका बाईला घेऊन गेली होती, म्हणून दुसरी मागवली होती. तळपत्या उन्हात गाड्या गप्प उभ्या होत्या. मला वाटले, बरे झाले, हे होऊच नये. शीतलला म्हणायच्या बेतात होते की मला घरी सोड. तेवढ्यात ती दुसरी गाडी आली.

तिचा चालक उतरला, मिशा पिकत आलेला, खाकी शर्ट घातलेला माणूस. फोटोपाशी तो थांबला आणि बराच वेळ हललाच नाही. मग कुणीतरी माझ्याकडे बोट केले. तो आला आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला.

‘‘आजी, ह्या दादांस्नी मी उचललंय.’’

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. तो खाली बघत सांगत राहिला.

‘‘आमी गेलो तवा शुद्धीवर हुते. दार दबलं हुतं, आमी कापाय लागलो. तर मला म्हनले, माझं ऱ्हाऊ द्या, आदी मागं कोनतरी हुबं ऱ्हावा. अंधार पडतोय, अजून येक येऊन आदळंल. दोनदा म्हनले. मागच्यांस्नी थांबवा.’’

‘‘मग कोण गेलं?’’

‘‘ट्रॅक्टरवालाच गेला की. तवर कडंला बसून नुसता रडत हुता. टावेल घिऊन पळाला मागं, मधी रस्त्यात हुबा ऱ्हाऊन फिरवाय लागला. वळनावरनं येस्टी आली, भरल्याली. त्येच्यापास्नं हातभर अंतरावर थांबली. न्हाई तर काय झालं आसतं सांगता येत न्हाई.’’

मी विचारले, ‘‘त्याला दुखत होतं का?’’

‘‘दुकत आसंल. खोटं कशाला सांगू तुमास्नी. पर येकटे नव्हते. मी हात धरला हुता, त्यांनीबी सोडला न्हाई. शेवटपतूर.’’

रूथ, नोएल, ट्रॅकवर गाडी आदळली की झेंडेवाला आधी अपघाताकडे धावत नाही. तो मागून येणाऱ्यांना पिवळा झेंडा दाखवतो. नव्या पोरांना सुहास हेच पहिल्यांदा शिकवायचा, मी शेजारी बसून कितीदा ऐकले आहे. ती दुसरी रुग्णवाहिका त्या दिवशी का आली, तिच्यावर नेमका तोच माणूस का होता, याचा मी हिशोब मांडत नाही. एका आईला बाळ होत होते म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला, एवढे मला ठाऊक आहे. माझ्या मागण्याची वाट न पाहता त्या रस्त्यावर कोणीतरी माझ्या मुलाचा हात धरून बसले होते. मला वाटायचे, तिथे देव नव्हता. मी नव्हते, हे खरे.

त्याची इच्छा मला कळली असे मी म्हणणार नाही. मला ती आजही कळत नाही, आणि मुलगा परत मिळणार असेल तर मी आजही भांडेन. पण पुढच्या रविवारी ती ओळ आली तेव्हा मी ओठ मिटले नाहीत. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. शरण जाणे म्हणजे मनाचे समाधान होणे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, समाधान न होताही मूठ उघडता येते. ट्रॅक्टरवाल्याचा चेहरा आता दिसतो तो टॉवेल फिरवणारा, रडणारा. त्याच्यासाठीही मी प्रार्थना करते. सोपे नाही.

हंगाम सुरू झाला की शीतल आणि ती पोरे कारखान्याच्या तळावर जातात आणि रांगेतल्या ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या चिकटवतात. मीही जाते. स्वतः गाडी चालवत जाते. माझे काम फडके घेऊन ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची माती पुसायचे, नाही तर पट्टी टिकत नाही. गेल्या खेपेला एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘‘आजी, येवढं घासून पुसून काय ट्रॉलीचं लगीन लावताय का?’’ मी म्हणाले, ‘‘मग? हळद लावून घे तूपण, उभा राहा इथं.’’ आजूबाजूचे हसले, मीही हसले.

तेव्हा रूथ, मी तुला नको म्हणणार नाही. शेवटचा शब्द तुझ्या आईचा, आणि तिने नाही म्हटले तर वाद घालू नकोस. तिने जे सोसले ते तू अजून पाहिलेले नाहीस. ती हो म्हणाली तर जा, आणि आधी झेंड्यांचे अर्थ नीट शिकून घे. मी इथून प्रार्थना करीन, ट्रॅकसाठी आणि ट्रॅकवरून घरी येणाऱ्या साध्या रस्त्यासाठीही.

बाबाची गाडी भंगारात गेली. त्याचे कपडे आम्ही वाटून टाकले. पण त्या संध्याकाळी त्या एसटीत बसलेली माणसे आपापल्या घरी पोचली. ती कोण, मला माहीत नाही. ती आहेत.