रेघेमागची केळी

माझ्या वडिलांचा उजवा कान पूर्ण गेलाय आणि डावा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टरांनी यंत्र दिलं, ते अप्पांनी डबीसकट फडताळात ठेवून दिलं. "कानात किडा बसल्यासारखं वाटतं," म्हणाले. तेव्हा मला घाई झाली. एक गोष्ट मला त्यांच्या देखत, चार लोकांत बोलायची होती, आणि ती त्यांना ऐकू जायला हवी होती. वीसेक वर्षं मी ती आज-उद्यावर ढकलत आले. डावा कान गेला की विषयच संपला. मग सांगून तरी कुणाला सांगणार?

मी व्यावसायिक टेनिस खेळायचे. आता पंचेचाळिशी उलटली, गुडघे बोलायला लागलेत, आणि विरारला बोळिंजमधल्या एका सोसायटीच्या कोर्टवर मी मुलांना शिकवते. देशातली मोठी विजेतेपदं माझ्या नावावर आहेत. परदेशात काही वर्षं खेळले. हॉटेलच्या न्हाणीघरात कपडे धुतले, चहाच्या किटलीत तांदूळ शिजवले, माझ्याहून पुष्कळ वरच्या मुलींना घाम फोडला. हे मी मान वर करून सांगू शकते. मान खाली घालून सांगायचं ते पुढं येतंय.

आमची वाडी निर्मळची. केळी, मोगरा, तोंडली, अळू, आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, ज्याच्यावर सगळी वाडी जगते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथं ती सगळ्यांना कळेल अशी करून लिहितेय. माझ्या आत्याचे यजमान मुंबईत एका जिमखान्यावर माळी होते. अप्पा फुलं पोचवायला गेले की त्यांच्याकडे चहाला थांबत. एकदा येताना त्यांनी लव झडलेले चेंडू आणि तारा सैल झालेली एक रॅकेट आणली. ते चेंडू मारून मारून मी घराच्या भिंतीचा चुना पाडायला सुरुवात केली. आई वैतागली. "हिला कुठंतरी लांब नेऊन सोडा हो. एक भांडं धड ठेवनार नाही ही."

अप्पांनी ते भलतंच मनावर घेतलं. पुढच्या खेपेला काथ्याची दोरी घेऊन गेले आणि कोर्टच्या प्रत्येक रेघेचं माप दोरीला गाठी मारून उतरवून आणलं. बावखलाकाठचा तोंडलीचा मांडव मोडून जागा साफ केली. मुरूम टाकला, पाणी मारलं, खळं चोपतात तसं लाकडी चोपण्यानं चोपून काढलं. रेघा चुन्याच्या. जाळं आलं आईच्या माहेरून, नायगावच्या खाडीकडून. फाटकं आणि मासळीचा वास मारणारं. पहिले काही महिने मांजरं येऊन आशेनं त्याच्याखाली बसायची.

कोर्ट मापाला चोख होतं. चूक एकच झाली, आणि ती वाडीवाल्याकडूनच व्हावी अशी. रेघेच्या मागे खेळाडूला पळायला मोकळी जागा लागते, हे अप्पांच्या ध्यानातच आलं नाही. तिथं रेघ नव्हती, म्हणून दोरीवर तिची गाठ नव्हती. आणि आमच्याकडे माणूस जमीन रिकामी सोडत नाही, बांधावरसुद्धा अळू लावतो. एका टोकाच्या रेघेला अगदी लागून त्यांनी राजेळी केळीची रांग लावली. दुसऱ्या टोकाच्या रेघेमागे तर बावखलच.

मला मागे सरायला जागाच नव्हती. चेंडू नीट उसळेपर्यंत थांबावं तर पाठ केळीला टेकायची आणि चीक लागायचा; तो डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. चेंडू सुटला तर घडावर आपटायचा. अप्पा मोगऱ्यात वाकलेले असले तरी तो आवाज त्यांना बरोबर कळे. "घडाला लागला! काळा पडला की बाजारात कोण घेणार तो, तू?" मग मी टप्पा पडल्या पडल्या, चेंडू वर यायच्या आत मारायला लागले. ते शिकवलं असं कुणी नाही. पलीकडून आई हातानं चेंडू फेकायची. "पान्यात घालवू नको गं, मी काढनार नाही," असं बजावायची आणि काढायचीही तीच, वेळूच्या टोपलीनं, पदर खोचून.

पुढं जिल्ह्यात जिंकायला लागले तेव्हा शहरातल्या एका मोठ्या अकादमीनं मला घेतलं. पहिल्या दिवशी बेसलाइनच्या मागची ती मोकळी जागा बघून मनात आलं, एवढी पडीक का ठेवलीय? सर ओरडायचे, "मागे हो! अजून मागे! उसळू दे चेंडू!" मी मागे जायचे आणि माझ्या नकळत पुन्हा पुढे यायचे. माझी ती खोड मोडायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, मग नाद सोडला. तिथल्या मुलींनी एकदा माझ्या स्कर्टवरचे तपकिरी डाग बघितले. "चहा सांडला का गं?" मी खरं ते सांगितलं. केळीचा चीक. झालं. त्या दिवसापासून मी केळेवाली. "केळेवाली, आज डझन काय भाव?" मी हसायचे. पण त्यानंतर तिकडे वाडीतल्या कोर्टचं नाव काढणं मी बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, गावात असंच भिंतीवर खेळायचे.

मग ती मॅच. मुंबईतच मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि समोर युरोपातली मानांकित मुलगी. तिची सर्व्हिस अशी की बाकीच्या जणी पार मागच्या पडद्याजवळ उभ्या राहून घेत. मी रेघेच्या आत उभी राहिले. प्रेक्षकांत हशा पिकला. तो पहिल्या गेमपुरता टिकला. तिचा चेंडू टप्पा घेतो न घेतो तोच मी परत पाठवत होते. सर्व्हिस करून तिला सरळ उभं राहायलाही सवड मिळेना. ती वेग वाढवी, तसा तोच वेग माझ्या कामी येई. दुसऱ्या सेटमध्ये एका चेंडूनंतर तिनं चक्क रॅकेट काखेत घेऊन टाळी वाजवली. इतकं सुंदर मी आधी कधी खेळले नव्हते, नंतरही नाही. मला हात हलका वाटत होता, मैदान छोटं वाटत होतं, आणि आपण जिंकणार याची लाज वाटत नव्हती. जिंकले. कुणीतरी मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडलो.

लगेच मराठी वाहिनीचा माइक समोर आला. "इतकं पुढे उभं राहून खेळायला तुम्ही कुठं शिकलात?"

मागे अकादमीच्या मुली उभ्या होत्या. मी घाम पुसत म्हणाले, "अकादमीत. सरांनी पहिल्यापासून माझ्याकडून तेच करून घेतलं."

मुळात मी कमी बोलणारी. बोलले ते हे.

निर्मळला आमच्या पडवीत टीव्ही बाहेर काढून ठेवला होता. सगळी आळी जमली होती आणि अप्पा सगळ्यांत पुढं बसले होते. हे आईनं मला नंतर सांगितलं. हेही सांगितलं, की ते वाक्य झाल्यावर दोघातिघांनी वळून अप्पांकडे बघितलं. अप्पा "आलोच" म्हणाले आणि वाडीत गेले. पेढे आईनं वाटले.

पुढच्या वेळी घरी गेले तर कोर्ट नव्हतं. मुरूम खणून काढला होता आणि त्या जागेवर केळीचे मुनवे, कोवळी रोपं, ओळीनं लावलेली होती. "तुला आता काय उपयोग त्याचा?" अप्पा म्हणाले. "तिकडे तुझं पक्कं कोर्ट आहे की." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिथंच माफी मागितली असती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मागितली नसती. सगळीकडे माझ्या शेजारी सरांचा फोटो छापून आला होता, आणि मला तो तसा बरा वाटत होता. त्या केळीला पहिले घड लागले तेव्हा अप्पांनी मला आवर्जून फणी पाठवली. मी ती खाल्ली. त्या कोर्टचा विषय मात्र आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

या वर्षी बोळिंजच्या आमच्या सोसायटीनं चाळिशीपुढच्या बायकांची खुली स्पर्धा ठेवली. फायनलला पोचले तेव्हा मी निर्मळला गेले आणि अप्पांच्या डाव्या कानाशी ओरडून विचारलं, "याल का बघायला?" त्या मॅचनंतर असं विचारायची माझी छाती झाली नव्हती. "बघू," म्हणाले. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून आईच्या आधी रिक्षात जाऊन बसले होते.

समोर नायगावच्या नव्या टॉवरमधली खेळाडू होती, लग्न करून इंदूरहून आलेली. माझ्याहून लहान आणि हात जड. "दीदी, आपके सामने तो डर लग रहा है," असं गोड बोलली आणि पहिला सेट खिशात घालून गेली. तिचे चेंडू खांद्याएवढे उसळत होते. गुडघ्यांना जपता जपता मी मागे मागे चालले होते. मागे जागा होती ना. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला तर माझी पाठ कुंपणाच्या जाळीला लागली.

आणि त्या जाळीपलीकडून आवाज आला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज किती मोठा असतो, ते ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याला विचारा.

"अगं, मागं कुठं चाललीस? घडाला लागेल ना!"

लोक हसायला लागले. पंच म्हणाले, "आजोबा, मधे बोलू नका." आजोबांना ते कुठलं ऐकू जायला! "पुढं हो! पुढं!" आई त्यांचा सदरा धरून खाली ओढत होती. मला वाटलं होतं ते सगळं त्यांनी मुरमाबरोबर खणून टाकलंय.

मी रेघेच्या आत जाऊन उभी राहिले. पहिला चेंडू चुकला, दुसरा जाळीत गेला. तिसरा टप्प्यावरच धरला आणि तो तिच्या पायांशी जाऊन पडला. तिला हलताही आलं नाही. मग माझ्या हातांना सगळं आठवलं. गुडघ्यांनी कुरकुर केली, मी ऐकली नाही. ती जितकं जोरात मारी तितकं लवकर ते तिच्याकडे परत जाई. दुसरा सेट घेतला. निकालाच्या टायब्रेकमध्ये मी एकदाही रेघेबाहेर पाऊल टाकलं नाही. शेवटचा चेंडू कोपऱ्यात पडला तेव्हा इंदूरची बाई जाळीपाशी येऊन म्हणाली, "दीदी, अब सच में डर लगा." आम्ही दोघी मिठी मारून हसत सुटलो.

बक्षीस दिल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, दोन शब्द." माइकची वायर अप्पांच्या खुर्चीपर्यंत पुरेना. मी माइक टेबलावर ठेवला, जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं बोलले.

"हा खेळ मी अकादमीत शिकले नाही. अकादमीत तर तो मोडायला बघत होते. हा मला माझ्या वडिलांच्या वाडीत आला. ते कोर्ट यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. मी टीव्हीवर खोटं बोलले, कारण मला केळीच्या वाडीची लाज वाटत होती. अप्पा, माझं चुकलं."

मग माझ्या शिकाऊ पोरांनी टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांनी उचलून धरल्या. अप्पा समोर बघत बसले होते. आई त्यांच्याकडे वाकली. "ऐकलं का हो, काय म्हनाली ती?"

"ऐकलं," अप्पा म्हणाले. "ओरडते कशाला एवढी? लोक बघतायत."

ऐकलं म्हणजे शब्द ऐकले, की ऐकून घेतलं, हे मला रिक्षात विचारायचं होतं. जमलं नाही. करंडक आईच्या मांडीवर होता आणि ती तो पदरानं पुसत होती.

घरासमोर उतरलो तर शेजारचे काका ओट्यावर बसले होते, सोबत त्यांची सून.

"काय अप्पा, जिंकली का पोरगी?"

"जिंकणारच." अप्पांचा एक पाय अजून रिक्षात होता. "कोर्ट कुणी बनवलं होतं तिचं?"

अप्पा तडक जाऊन त्यांच्या ओट्यावर बसले. "मी मुद्दाम मागं जागा ठेवली नव्हती. ही लहानपणी भित्री. जागा ठेवली असती तर पळत सुटली असती मागं. म्हणून केळी लावली. डोकं लागतं त्याला."

"मुद्दाम?" रस्त्यातूनच आई म्हणाली. "हातभर जमीन सोडायला जीव होत नव्हता यांचा. म्हने मुद्दाम!"

"तू गप. तुला काय कळतं टेनिसमधलं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का गं?"

"अगदी खरं, काका," मी म्हणाले. "मुद्दामच लावली होती."

अप्पांनी काठी उलटी धरली आणि ओट्यापुढच्या मातीत कोर्ट काढायला घेतलं. काकांची सून बघायला खाली उतरली, तर तिला म्हणाले, "तिथं नको उभी राहू, तिथं बावखल आहे." ती हसत बाजूला झाली. मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले.