चाचांचं मडकं आणि माझी धाड

ती घटना आठवली की मला आजही हसू येतं. दारूबंदीचा काळ. मी कुलाबा जिल्ह्यातल्या एका बंदराच्या ठाण्यावर फौजदार होतो. गावचा एक किराणा दुकानदार भरदुपारी ठाण्यात आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. मडकी वाटली जातायत. आंबूस वास, वर फेस. रेवसच्या धक्क्याजवळ एक, एसटी स्टँडजवळ एक, आणि तिसरं आपल्या बंदरावर. कुणाच्या घरी, ते तुम्हीच ओळखा."

ओळखायला वेळ लागला नाही. बंदरावर माडी काढणारा एक जण होता. धंदा बंद झाल्यावरही चोरून काढायचा, दोनदा पकडला गेला होता. एकदा तर मीच त्याला माडावरून उतरवला होता. आता तिसऱ्यांदा सापडला तर तुरुंग ठरलेला. खबर पक्की वाटली. जमादार आणि दोन शिपाई घेऊन मी धाड घातली.

परसात नवी कोरी भट्टी, तिच्याशेजारी झाकलेलं मडकं, आणि मडक्याशी तो माडीवाला. सोबत पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. जिल्ह्याच्या गावातले बेकरीवाले चाचा. दोघांना आणि मडक्याला ठाण्यात आणलं.

चाचा आधी भडकलेच. "ताडी? तोबा! बाकीच्यांचा पाव ताडीवर फुगायचा. माझा वडिलांपासून बटाट्याच्या खमिरावर. हे खमीर आहे, साहेब. माझ्या बेकरीच्या शाखा काढतोय मी. प्रत्येकाला माझं खमीर, माझं नाव, माझी रीत. भट्टी त्याची, मेहनत त्याची."

मी म्हटलं, "धक्का, स्टँड, बंदर. दारूचे अड्डेवाले हीच ठिकाणं बघतात, चाचा."

"बघणारच की! घरात भाकरी असते, तिथं पाव कोण घेतो? घराबाहेर अडकलेला भुकेला माणूस घेतो. लाँचमधून उतरलेला, एसटीची वाट बघणारा. वाडीत आत दुकान काढलं तर पाव वाळून दगड होईल."

"बरं, जागा पटली. माणूस? अख्ख्या गावात तुम्हाला हाच भेटला?"

"किराणावाला आला होता ना माझ्याकडं. अनामत द्यायला तयार. मी नाही म्हटलं. त्याचे सतरा धंदे. शिळा पाव गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारील आणि बदनामी माझ्या नावाची. हा पहाटे अंधारात माडावर चढायचा, मडकं रोज घासायचा. उठण्याची आणि घासण्याची सवय मला शिकवता येत नाही. बाकीचं सगळं शिकवतो."

किराणावाल्याचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खबर देणाऱ्याला त्यात काय मिळणार, हे मी विचारलंच नव्हतं.

माडीवाल्याला वेगळा बसवला. तो मान वर करेना. "सायेब, माडाला हात लावला न्हाय मी. मडकं जप्त केलंत तर आतलं खमीर मरल. चाचा शाखा दुसऱ्याला देतील. गावात कोन मला कामावर घेत न्हाय. बायको म्हनते, ह्या खेपेला आत गेलास तर मी माहेरी जाते. म्या काय करू?"

कायद्याप्रमाणे मडकं सीलबंद करून तपासणीला पाठवायचं. पण त्याचा चेहरा बघून माझा हात लाखेकडे जाईना. मी म्हटलं, "चल, पंचांसमोर पाव भाजून दाखव." आणि एक पंच म्हणून मुद्दाम त्या किराणावाल्याला बोलावलं.

जमादार कुरकुरला, "साहेब, मुद्देमाल खायचा म्हणता?"

"फुगला तर खायचा. नाही फुगला तर बेड्या आहेतच."

मडकं घेऊन परत त्याच्या परसात गेलो. मडक्यातलं घट्ट खमीर पिठात गेलं, गोळे झाले, फडक्याखाली ठेवले. माडीवाल्याची बायको दारात उभी राहून मोरयाला हाका मारत होती. ऊन कलल्यावर फडकं उचललं तर गोळे टम्म! पहिली खेप खालून करपली, चाचांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. दुसरी खेप मात्र अशी निघाली की वासाने सगळा धक्का गोळा झाला. किराणावाल्याने चहात बुडवून दोन पाव खाल्ले. मी हळूच विचारलं, "लिहून घेऊ का तुमची खबर?" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, साहेब. जळलो मी." मडकं मी तिथल्या तिथे परत केलं. ती बाई पदर तोंडाला लावून रडली.

भट्टी चांगली चालली. काही महिन्यांनी चाचा ठाण्यात आले, गरम पाव टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, पुढच्या बंदरावर शाखा काढतोय. माणूस सुचवा. तुम्ही पकडलेले पुष्कळ असतील."

मी हसलो. इतक्या वर्षांत अमुक माणूस कुठं लपेल, कुणाला फितवेल, कधी पळेल, हे मला वरिष्ठांनी शंभरदा विचारलं होतं. मी पकडलेल्यांतल्या कुणाच्या हातात भट्टी द्यावी, हे विचारणारा हा पहिलाच. थोडा विचार केला आणि एक नाव दिलं. तो माणूस त्या वेळी आमच्याच कोठडीत होता, परवा सुटणार होता. चाचा म्हणाले, "मग परवा मी दारात येऊन उभा राहतो."

आणि खरंच उभे राहिले.