आईच्या नावाची पाटी

नव्या फ्लेक्सचा वास आला, की मला भिगवणची आमची मासळीची खानावळ आठवते. तिची पहिली पाटी मी केली होती. आईचं नाव, उभ्या रेघेत भरदार आणि वळणावर केसासारख्या नाजूक अक्षरांत. भोवती नुसती मोकळी जागा.

आबा, म्हणजे माझे वडील, भडकले. "भावकीचे फोटो कुठं हायत? असली बारीक रेघ हायवेवरनं कुणाला दिसणार हाय?"

मी हट्टानं तीच टांगली.

थोड्याच वेळात पुढं गेलेली एक गाडी मागं आली. काच खाली झाली. "सुमनताईंची खानावळ हीच ना?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. ती बोलायच्या आत आबाच छाती काढून ओरडले, "व्हय, सुमनचीच!"

माझी अक्षरं जिंकली, एवढंच तेव्हा कळलं. आबांच्या तोंडून आईचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं होतं, हे आत्ता लक्षात येतंय.