भाचेबुवांचं निदान

मामाच्या व्हॅनचं इंजिन मी पाण्याच्या नळीने धुतलं. चांगल्या हेतूने. सत्यानाशाला बहुधा चांगला हेतूच पुरतो. मामा संध्याकाळी नवे प्लग बसवून तेलकट हात धुवायला आत गेला होता. म्हटलं, तेवढ्यात बॉनेटखालची कित्येक वर्षांची ओशट काजळी काढून टाकू, मामा खूश होईल. काजळी हलली नाही ती नाहीच, पण नंतर फडक्याने सगळं पाणी पुसूनही घेतलं. बाहेरून.

मामा लॉन्ड्रीतल्या धुतलेल्या चादरी हॉटेलांत पोचवतो. व्हॅन त्याच्या लग्नाआधीची, म्हणून मामी तिला ‘थोरली’ म्हणते. थोरलीला आजवर एकाही मेकॅनिकचा हात लागलेला नाही, हा मामाचा अभिमान. तो शिकला तिच्यावरच, स्क्रू हरवत आणि बोटं सोलून घेत. गल्लीत कुणाची गाडी बंद पडली की आधी मामाला हाक जाते, आणि मामाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “शेवटचा हात कुणाचा लागला?” ज्याने जिथे हात घातला, तिथे बिघाड शोधायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठे भरून मामाने चावी फिरवली. स्टार्टर गरगर फिरला, पण इंजिन खोकलंसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. तेच.

“बॅटरी ठणठणीत आहे,” मामा खाली उतरत म्हणाला. “फिरतंय, पण पेट घेत नाही. काय भाचेबुवा, काल माझ्यानंतर हिला कुणी हात लावला होता का?”

‘हो’ म्हणायला एकच अक्षर लागतं. मी भरपूर अक्षरं खर्च केली. “छे! इथे कोण येतंय हात लावायला?”

“मग शेवटचा हात माझाच.”

झालं. पेट्रोलची नळी काढून बघितली, पेट्रोल येत होतं. एक प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवला, मी चावी फिरवली, ठिणगी नाही. मग मामा स्वतःच्याच कामावर तुटून पडला. चारही प्लग काढले, पुसले, परत बसवले. जुने शोधून आणून तेही लावून बघितले.

“काय, थोरली रुसली वाटतं?” समोरच्या दुकानातून शिंपी ओरडला.

मामी दारात आली. “अहो, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून कधीची सांगतेय. द्या आता तिला गॅरेजात! तिकडे हॉटेलवाले बिनचादरीचे बसलेत.”

एरवी मामाने उलट टोला हाणला असता. तो नुसता हातांकडे बघत राहिला. “बसवताना माझंच काहीतरी चुकलं असणार. हातात आता पूर्वीसारखं राहिलं नाही.”

मामाचा प्रश्न बरोबर होता. त्याला उत्तर खोटं मिळालं होतं.

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी उघडलंही, पण हुशारी दाखवायला. “मामा, डिस्ट्रिब्युटरचं झाकण बघायचं का? प्लगला करंट तिथूनच जातो ना?”

झाकण काढलं. आतून पार घामेजलेलं. कोरडं फडकं फिरवून ते बसवलं, चावी फिरवली, आणि थोरली काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली.

“दमट हवा धरली असेल,” मामा म्हणाला. “आणि मी बसलोय प्लग कुरवाळत!”

“मामाला मागे टाकलंस की रे!” शिंपी म्हणाला. मामीने पाठ थोपटली. “शेवटी तरणी नजर ती तरणी नजर.” मी मान खाली घातली, तर शिंपी म्हणतो, “आणि गर्व म्हणून नाही पोराला!”

त्यानंतर गल्लीत गाडी अडली की मामा म्हणतो, “भाच्याला विचारा.” परवा थोरलीचा मागचा दिवा गेला. नुसता बल्ब बदलायचा, मामीनेही बदलला असता. मामाने स्क्रूड्रायव्हर मुठीकडून माझ्यापुढे धरला.

“तूच लाव. मी टॉर्च धरतो.”

“मामा...”

“हं?”

“काही नाही. टॉर्च जरा वर धर.”

मामाने ती वर धरली, आणि मला नीट दिसावं म्हणून बाजूला सरकून स्वतःची सावलीही दूर केली. एक वाक्य मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.