ओकुदांच्या गावचे स्टेशन पवनीत बांधणारे रामटेके सर

आयटीआयमध्ये शिवणकामाची निदेशक म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी माझ्या वर्गातले कापड बेतायचे टेबल डुगडुगत होते. शिपायाने पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली सारली आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने शेजारच्या सुतारशाळेतून एक उंच, सावळे गृहस्थ आले. त्यांनी ती घडी काढून माझ्या हातात दिली आणि जमिनीवर पालथे पडून टेबलाचे चारही पाय न्याहाळले. "टेबल बरोबर हाये बाई. जमीन वाकडी हाये," ते म्हणाले. मग प्रत्येक पायावर पेन्सिलीने खूण करून त्यांनी तीन पाय जरा जरा तासले. यात माझा पहिल्याच दिवसाचा अख्खा वर्ग बुडाला आणि मी मनातून चिडले. पण त्यानंतर एकवीस वर्षे, माझ्या निवृत्तीपर्यंत, ते टेबल कधी डुगडुगले नाही.

श्री. यादवराव रामटेके सरांशी माझी ही पहिली ओळख. सर यंदा पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांच्या सुतारशाळेत घडलेल्या कितीतरी जणांनी या गौरवग्रंथात लिहिले आहे आणि ते माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील. मी लिहिणार आहे ते सरांच्या निवृत्तीनंतरच्या एका कामाबद्दल. त्या कामात माझा थोडा हात होता, आणि एक मोठी चूकही माझीच होती.

सरांचे वडील नागभीडच्या छोट्या लाईनवर गँगमन होते. सर लहानपणी त्यांच्याबरोबर रूळ तपासत मैलोनमैल चालले आहेत. रेल्वेचे वेड तिथले. पण पवनीतल्या घराच्या पुढच्या खोलीत जपानी रेल्वे कशी आली, हे मात्र अनेकांना ठाऊक नाही.

सहा वर्षांपूर्वी जपानहून काही यात्रेकरू पवनीचे स्तूपाचे अवशेष पाहायला आले होते. त्यांच्यातल्या ओकुदा नावाच्या वयस्क गृहस्थांचा टेकडीवरून उतरताना पाय मुरगळला. सर तेव्हा तिथे होते. त्यांनी त्यांना घरी आणले, सरांच्या पत्नी, आमच्या वहिनींनी, हळद गरम करून लावली, आणि बाकीची मंडळी पाहून परत येईपर्यंत ओकुदा सरांच्या पुढच्या खोलीत पाय वर करून बसले. वहिनींच्या हाताची उकडपेंडी त्यांनी दोनदा मागून घेतली. योगायोगाने मीही त्या दिवशी तिथे होते. सरांची मुलगी प्रज्ञा नागपूरहून आलेली होती, ती इंग्रजीतून दुभाषेपण करत होती. बोलता बोलता कळले की ओकुदाही रेल्वेतले, आणि त्यांचे वडील डोंगरातल्या एका लहानशा स्टेशनचे स्टेशनमास्तर. ती लाईन बंद झाली आणि स्टेशनही पाडले गेले. उरला होता एक फोटो. ओकुदांनी तो पाकिटातून काढून दाखवला. लाकडी इमारत, कौलारू छप्पर आणि फलाटावर किमोनो नेसून उभी असलेली एक तरुण बाई. "ही माझी आई," ते म्हणाले.

सरांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि मला म्हणाले, "बाई, याचा फोटो काढून ठेवा जरा." माझ्या फोनचा मागचा कॅमेरा फुटलेला होता, म्हणून मी समोरच्या कॅमेऱ्याने काढला. पाहुणे गेल्यावर सर म्हणाले, "हे स्टेशन बनवता येते."

त्यांनी लगेच स्टेशनला हात घातला नाही. आधी जपानी घर कसे उभे राहते ते शिकायचे, मग ओकुदांच्या वडिलांचे स्टेशन, असा त्यांचा क्रम. ऐंशी फुटांची वस्तू एका फुटात बसवायची, हे माप ठरले. म्हणजे उभा माणूस माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान. प्रज्ञाने इंटरनेटवरून चित्रे काढून द्यायची आणि सरांनी ती भिंतीला चिकटवून दिवसेंदिवस पाहायची. पहिल्यांदा एक चहाचे दुकान झाले, मग नदीकाठचे स्नानगृह, मग सरकत्या दारांची तीन घरे. दारांना पतंगीचा पांढरा कागद, भिंतींना सागाची पातळ चिपाटी, छपराला बांबूच्या कामट्या तासून केलेले कवेलू, म्हणजे कौले. एकेक कवेलू तांदळाच्या दाण्याएवढा. दुकानाच्या दारावर लोंबणारे कापडी पडदे मी आंधळगावच्या कोसा रेशमाच्या चिंधीतून शिवले. नवा पडदा दिला की सर भिंग लावून टाके बघत, आणि नापसंत असेल तर परत करत. तीन पडदे परत आले. चौथा लागला.

आमचे एका बाबतीत कायम वाजले, ते लाकूड जोडायच्या सरसावरून. बाजारात इतका चांगला पांढरा डिंक मिळत असताना सर जुन्या पद्धतीचा सरस शिजवून वापरत. घरभर वास सुटे. वहिनी नाकाला पदर लावून मागच्या अंगणात जात. मी एकदा चिडून विचारले, "सर, एवढा हट्ट काहून?"

"लाकूड असं जोडावं बाई, का चुकलं तर उघडता आलं पायजे," ते म्हणाले. "तुमी शिवण उसवत नाही का?"



शेवटी स्टेशनची पाळी आली. हातात एकच फोटो, आणि मापे कोणालाच माहीत नाहीत. सरांनी फोटोतले रूळ धरले. जपानी लाईनच्या दोन रुळांमध्ये साडेतीन फुटांचे अंतर असते, हे त्यांनी ओकुदा घरी आले त्याच दिवशी त्यांना विचारून घेतले होते. त्या साडेतीन फुटांवरून फलाटाची उंची, तिच्यावरून दार, दारावरून खिडकी, असे करत त्यांनी पूर्ण इमारतीचा नकाशा कागदावर उतरवला. पुढे चौदा महिने ते काम चालले. डाव्या अंगाला तिकिटाची खिडकी, उजव्या अंगाला प्रतीक्षालय आणि त्यावर उतरते छप्पर. नावाच्या पाटीवरची अक्षरेसुद्धा त्यांनी रेघ न रेघ उतरवली. फलाटावरच्या आईची बाहुली रंगवायचे काम माझ्याकडे होते, आणि तेही मी फोटो समोर ठेवूनच केले. स्टेशन बनते आहे हे प्रज्ञाने ओकुदांना कळवले होते, पण मध्ये एकही छायाचित्र पाठवले नाही. अर्धे काम दाखवू नये, हा सरांचा नियम.

त्याच सुमारास ओकुदांच्या नातीचा निरोप आला. आजोबांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले होते. वय पाहता डॉक्टरांनी काही खात्री दिली नव्हती. दवाखान्यात भरती होण्याआधी स्टेशन पाहता आले तर बरे होईल, असे आजोबांना वाटत होते. हातात सहा आठवडे होते आणि काम तर जवळजवळ झालेच होते. सरांनी 'दाखवतो' असे कळवले.

मी तेव्हा उरलेल्या बाहुल्या रंगवत होते. किमोनोचा गळा कसा असतो हे नीट कळावे म्हणून फोनवर चित्रे पाहत होते. प्रत्येक चित्रात डावा काठ उजव्यावर आलेला. मी रंगवलेल्या आईच्या अंगावर नेमके उलटे. मग एका ठिकाणी वाचले, की उजवा काठ वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना घेतात. ओकुदांची आई तर फोटोत उभी होती, हसत होती. विचार करता करता मी माझ्याच फोनमधले माझे फोटो उघडले. मी समोरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या एकूण एक फोटोत माझा पदर उजव्या खांद्यावर होता. मी आयुष्यात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतलेला नाही.

म्हणजे माझ्या फोनने फोटो उलटा टिपला होता. आई उलटी, खिडकी उलटी, प्रतीक्षालय उलटे, पाटीवरची अक्षरेही उलटी. सरांचे चौदा महिन्यांचे काम आरशातले होते.

सरांना न सांगताही भागले असते, हे मी लपवत नाही. तसा विचार माझ्या मनात दिवसभर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. सरांनी ऐकले, फोटो पाहिला, मग आरसा मागवून त्यात फोटो पाहिला. प्रज्ञाकडून ओकुदांच्या नातीला मूळ फोटोची प्रत मागितली. ती दोन तासांत आली. शंका उरली नाही.

सरांचे धाकटे बंधू तिथे बसले होते. ते म्हणाले, "दादा, राहू द्या ना. इथं पवनीत कोणाले समजते डावं-उजवं? अन् तो बुढा तरी मोबाइलवर किती पाहणार हाये?"

"त्याले समजेल," सर म्हणाले. "घर हाये ते त्याचं." मग जरा थांबून म्हणाले, "अन् जित्या बाईले आपण मेलेलीवानी नेसवून ठेवलं ना."

मला रडू आले. तेव्हा सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी कायले रडून राहिल्या? आता दिसलं ते बरं झालं. पाहुण्याले दाखवल्यावर दिसलं असतं तर?" या विषयावर ते मला एवढेच बोलले. पुढे कधी, थट्टेतसुद्धा, त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

त्याच दुपारी वहिनींचा कुकर सरांच्या टेबलावर आला. वाफेचा झोत जोडावर धरायचा, सरस मऊ झाला की पातळ पात्याने भिंत अलगद सोडवायची आणि सरळ बाजूने पुन्हा जोडायची. पांढऱ्या डिंकाने जोडले असते तर सगळे मोडूनच काढावे लागले असते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "स्टेशन शिजलं का मग मी वरण टाकते." त्या सहा आठवड्यांत त्या घरात वरण उशिराच शिजले, पण वहिनींनी कुकर एकदाही परत मागितला नाही.

छपराचे कवेलू मात्र वाफेने वाकले. ते सगळे नव्याने करावे लागले. मी, वहिनी आणि सुट्टी घेऊन आलेली प्रज्ञा, तिघींनी कामट्या तासल्या. सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची तारीख लागलेली होती. ती त्यांनी कोणालाही न विचारता पुढे ढकलली. सरांच्या सगळ्या आयुष्यात मला न पटलेली गोष्ट विचाराल तर हीच. मी तसे तोंडावर सांगितले, वहिनींनीही सांगितले. सरांनी ऐकून घेतले आणि भिंग डोळ्याला लावले. आईची बाहुली मी नव्याने रंगवली. डावा काठ वर. रंग वाळेपर्यंत मी जागची हलले नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी फोन लागला. पलीकडे ओकुदा पांघरूण गुंडाळून खुर्चीत बसले होते, शेजारी नात. प्रज्ञाने फोन फलाटाच्या उंचीवर आणला आणि सावकाश फिरवत नेला. तिकिटाची खिडकी, बाक, पाटी. फोन आईपाशी आला तेव्हा त्यांनी हात वर करून थांबायला सांगितले आणि ते पुढे वाकून पाहत राहिले. नातीने इंग्रजीत सांगितले, प्रज्ञाने आम्हाला सांगितले, "ते म्हणतात, आई मी शाळेतून यायची वाट पाहून राहिली."

मग सरांनी गाडी आणली. मधल्या काळात ओकुदांनीच भेट म्हणून पाठवलेली, विजेवर चालणारी दोन डब्यांची छोटी गाडी सरांनी नदीवर बांधलेल्या पुलावरून आली आणि फलाटाला लागली. ती थांबून होती. पलीकडे ओकुदा खुर्चीतून उठू लागले. नात त्यांना बसवू पाहत होती, पण ते उठलेच. ताठ उभे राहिले, उजवा हात पुढे लांबवला, रुळांच्या दिशेने बोट दाखवले आणि खणखणीत आवाजात दोन-तीन शब्द उच्चारले. प्रज्ञा अर्थ विचारणार होती. त्याआधीच सरांनी कळ फिरवली आणि गाडी सोडली.

नंतर मी विचारले, "सर, तुम्हाला कसे कळले?"

"लाईन किलेर दिली त्यानं, रस्ता मोकळा हाये म्हणून," सर म्हणाले. "ते काय भाषेत असते?"

ओकुदांचे ऑपरेशन पार पडले. ते घरी आहेत, काठी घेऊन चालतात, आणि आता दर महिन्याला आठवणीने एकेक सुधारणा कळवतात. स्टेशनच्या मागे पाण्याचा हौद होता, त्याशेजारी झाड होते. सर तेही करत आहेत. सरांच्याही डोळ्याचे ऑपरेशन झाले. गावात प्रदर्शन भरले तेव्हा सरांनी पाहुण्यांसमोर मला पुढे बोलावून सांगितले, "यांच्या नजरेनं हे स्टेशन सरळ झालं." चूक कोणाची होती, हे त्यांनी सांगितले नाही. ते आज मी इथे लिहून टाकते आहे.

सरांची शिष्या म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही, मी सुईदोऱ्यातली. पण काम कोणासाठी आहे हे ठाऊक असेल तर कोणी पाहो न पाहो, ते बरोबरच करावे लागते, हे मी त्यांच्याजवळ बसून शिकले.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा सर ओसरीच्या माळ्यावर हळदूच्या लाकडाची एक ओली फळी चढवत होते. मी विचारले, ही कशाला? "वाळू द्यायची हाये. पाच-सहा वर्षं लागतील," ते म्हणाले. "मग पाहू काय करायचं ते." पंचाहत्तराव्या वर्षी हे वाक्य ते इतक्या सहज बोलले, की मलाही त्यात नवल वाटले नाही. ती फळी सावकाश, पूर्ण वाळो. ती उतरवायला माळ्यावर सर स्वतःच चढोत, आणि खाली शिडी धरायला आम्ही सगळे असू.